ठिपके मिसळतात कुठे?

वर्तमानपत्रातल्या रंगीत छायाचित्रावर भिंग धरलं की हिरवं झाड नाहीसं होतं. उरतात ते निळसर आणि पिवळे ठिपके, मधूनमधून काळे, आणि त्यांच्या फटींतून दिसणारा कागद. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब पडला तर पांढऱ्या पानाच्या जागी लाल, हिरवे, निळे कण चमकू लागतात. भिंग उचललं, थेंब पुसला की झाड पुन्हा हिरवं आणि पान पुन्हा पांढरं.

‘रंग डोळ्यात मिसळतात’ असं याचं स्पष्टीकरण चित्रकलेच्या वर्गापासून छापखान्यापर्यंत सगळीकडे दिलं जातं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. डोळ्यात म्हणजे नेमकं कुठे? भिंगात, दृष्टिपटलावर, की मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर? आणि मिसळून हाती काय लागतं, अधिक उजळ रंग की मळकट? चित्रकार, विणकर, मुद्रक, भौतिकशास्त्रज्ञ आणि दृष्टिसंशोधक जवळजवळ दोनशे वर्षं या प्रश्नांशी आपापल्या बाजूने झुंजत आले आहेत. त्यांची उत्तरं एकत्र ठेवली तर एक गोष्ट स्पष्ट होते. ठिपक्यांचं मिश्रण एकाच जागी होत नाही. ते टप्प्याटप्प्याने होतं, आणि प्रत्येक टप्प्याचा नियम वेगळा आहे.

मिश्रणाच्या तीन रीती

पिवळा आणि निळा रंग पॅलेटवर कालवला की हिरवा होतो, हे लहान मुलालाही माहीत असतं. पण पिवळा आणि निळा प्रकाश एकाच पडद्यावर टाकला तर पांढुरका उजेड मिळतो. हे दोन अनुभव एकमेकांशी जुळत का नाहीत, याचा उलगडा हर्मान फॉन हेल्महोल्ट्झने १८५२मध्ये केला. कालवलेल्या रंगात प्रत्येक कण प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो. दोन्ही प्रकारच्या कणांनी शोषून जे उरतं, तेच डोळ्यापर्यंत येतं. म्हणजे इथे वजाबाकी होते. प्रकाशात प्रकाश मिसळला की बेरीज होते.

ठिपक्यांचं मिश्रण ही तिसरी रीत. ते बेरजेच्या कुळातलं असलं तरी पूर्ण बेरीज नव्हे. दोन दिव्यांचे झोत एकाच जागी पडले तर दोघांचा उजेड एकवटतो. दोन रंगांचे ठिपके शेजारी शेजारी असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मीच जागा येते. डोळ्याला मिळते ती सरासरी. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५५च्या सुमारास रंगीत पाकळ्यांच्या फिरत्या तबकड्या वापरून हीच सरासरी मोजली. तबकडीवर रंग वेळेत वाटले जातात, ठिपक्यांत जागेत, गणित एकच. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ऑग्डन रूड याने १८७९च्या ‘मॉडर्न क्रोमॅटिक्स’ या ग्रंथात चित्रकारांना कळेल अशा भाषेत ते मांडलं आणि दोनच वर्षांत त्याचा फ्रेंच अनुवादही झाला.

पहिला टप्पा: प्रतिमाच धूसर

डोळ्याच्या भिंगात कोणताही दोष नसला, तरी बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही. प्रकाश लहरींनी बनलेला आहे आणि बाहुलीच्या अरुंद भोकातून जाताना तो थोडा पसरतो. बाहुली अडीच मिलिमीटर आणि प्रकाश हिरवा असेल, तर हा पसारा सुमारे एका कलेचा भरतो. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. डोळ्यांच्या दवाखान्यात ज्याला ‘सहा बाय सहा’ म्हणतात, ती निकोप नजर साधारण एका कलेच्या अंतरावरचे तपशील वेगळे ओळखते. हातभर अंतरावर, म्हणजे ३० सेंटिमीटरवर, एक कला जवळजवळ ०.०९ मिलिमीटर होते. ६ मीटरवर पावणेदोन मिलिमीटर.

ही धूसरता सगळ्या रंगांसाठी सारखी नाही. नेत्रभिंग जांभळ्या टोकाचा प्रकाश जास्त वाकवतं, लाल टोकाचा कमी. दृश्य वर्णपटाच्या दोन टोकांमधला हा फरक जवळजवळ दोन डायॉप्टरचा आहे. दूरचं दिसत नाही म्हणून दोन नंबरचा चष्मा लागणाऱ्या माणसाला चष्म्याविना जग जितकं अस्पष्ट दिसतं, त्याच प्रमाणाची ही चूक आहे. डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशावर नेम धरतो आणि निळी प्रतिमा कायम फिसकटलेली राहते.

दृष्टिपटलाची रचनाही याला साजेशी आहे. रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. लांब आणि मध्यम तरंगलांबीच्या पेशी मध्यभागी दाटीने बसलेल्या असतात, चौरस मिलिमीटरला सुमारे दोन लाखांपर्यंत. निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मात्र एकूण शंकुपेशींच्या शेकडा ५ ते १० एवढ्याच, आणि नजरेच्या अगदी केंद्रात तर त्या नसतातच. म्हणून पांढऱ्या कागदावरचा अगदी बारीक पिवळा ठिपका जवळजवळ दिसत नाही. पिवळी शाई मुख्यतः निळा प्रकाश गिळते आणि निळ्यातला फेरफार टिपायला तिथे पुरेसे साक्षीदारच नसतात. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर यंत्राची ओळख सांगणारे छुपे ठिपके छापतात. ते पिवळे असतात, याचं कारण हेच.

दुसरा टप्पा: रंगाची वाट अरुंद

शंकुपेशींनी टिपलेलं जसंच्या तसं मेंदूकडे जात नाही. दृष्टिपटलातच त्याची फेरमांडणी होते. एक वाट उजेड-अंधाराची, दुसरी लाल-हिरव्या फरकाची, तिसरी निळ्या-पिवळ्या फरकाची. या वाटांची क्षमता सारखी नाही. केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या कॅथी मलन यांनी १९८५मध्ये केलेली मोजणी या विषयातला मैलाचा दगड आहे. उजळपणात सारखे पण रंगात वेगळे असे लाल-हिरवे पट्टे त्यांनी अधिकाधिक बारीक करत नेले. दृश्यकोनाच्या एका अंशात अकरा-बारा जोड्या झाल्या की पट्टे संपले आणि एकच रंग उरला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळख यापेक्षा तिप्पट बारकाव्यापर्यंत टिकली. पुढे लेझरच्या पट्ट्या थेट दृष्टिपटलावर पाडून भिंगाचा दोष टाळला, तरीही रंगाची नजर उजेडाच्या नजरेमागेच राहिली. अर्थात, मिश्रणाचा काही भाग प्रकाशशास्त्राचा आणि काही भाग मज्जातंतूंचा आहे.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. समजा, कॅनव्हासवर दोन मिलिमीटरचे लाल आणि हिरवे ठिपके एकाआड एक मांडले. दोघांचा उजळपणा सारखा ठेवला तर पावणेतीन मीटरच्या आसपास ते एकमेकांत विरतील. एक गडद आणि एक फिका असेल, तर रंग तिथेच मिसळेल, पण कणीदारपणा सात मीटरपर्यंत जाणवत राहील. या दोन अंतरांमधल्या पट्ट्यात डोळ्याला मिसळलेला रंग आणि न मिसळलेले ठिपके एकाच वेळी दिसतात. ठिपक्यांच्या चित्रकलेचं सगळं सौंदर्य या पट्ट्यात आहे, असं मला वाटतं.

स्युराचा वाद

जॉर्ज स्युराचं ‘ला ग्रांद जात बेटावरचा रविवार’ हे चित्र १८८४ ते १८८६ या काळात तयार झालं. सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असा हा कॅनव्हास आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मे १८८६मध्ये इम्प्रेशनिस्टांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात तो मांडला गेला, तेव्हा समीक्षक फेलिक्स फेनेऑं याने रूडचा दाखला देत मांडणी केली की डोळ्यातलं मिश्रण पॅलेटवरच्या मिश्रणापेक्षा कितीतरी तेजस्वी असतं. या दाव्यावर पुढची शंभर वर्षं पुस्तकं लिहिली गेली.

दावा अर्धा खरा आहे. लाल आणि हिरवा रंग कालवला तर वजाबाकी होऊन काळपट तपकिरी हाती येतो. तेच रंग ठिपक्यांनी मांडले तर सरासरी मिळते आणि ती कालवलेल्या रंगापेक्षा नक्कीच उजळ असते. पण सरासरी दोघांतल्या उजळ रंगाच्या पुढे कधीच जात नाही. लाल रंग २० टक्के प्रकाश परतवत असेल आणि हिरवा ३०, तर मिश्रणाला २५ टक्केच मिळणार. टी.व्ही.वर लाल आणि हिरवा मिळून झगझगीत पिवळा होतो, कारण तिथले कण स्वतः प्रकाश देतात. कॅनव्हासवर त्याच दोघांतून मळकट पिवळसर रंग निघतो. त्यातून विरोधी रंगांचे ठिपके शेजारी ठेवले तर सरासरी राखाडीकडे झुकते. पूर्ण मिश्रण हेच ध्येय असतं, तर तेजाऐवजी करडेपणाच पदरी पडला असता.

१९८७मध्ये ॲलन ली आणि जॉन गेज या दोन अभ्यासकांनी स्वतंत्र लेखांतून या प्रश्नाची कसून तपासणी केली. ली यांनी स्युराच्या वैज्ञानिक आधारालाच आव्हान दिलं. गेज यांनी त्याचं तंत्र नव्याने तपासलं आणि प्रचलित समजुतीपेक्षा ते अधिक गुंतागुंतीचं असल्याचं दाखवलं. मला या वादाचा निकाल असा दिसतो: स्युराने विज्ञानाकडून जे वचन घेतलं होतं, ते विज्ञान देऊ शकत नव्हतं, पण त्याच्या हाताने त्याहून मोलाचं काही साधलं. त्याचे ठिपके बहुतेक अंतरांवरून पुरते मिसळत नाहीत. ते लुकलुकत राहतात आणि पृष्ठभाग जिवंत वाटतो. रूडनेही मिश्रण पुरं होण्याच्या आधीच्या या चमकेची नोंद घेतली होती.

या चित्राबद्दल बोलताना आणखी एक भान हवं. स्युराने वापरलेला झिंक यलो हा रंग काही वर्षांतच तपकिरी पडला. उन्हातल्या गवतावरचे पिवळे ठिपके आज मातकट आहेत. रॉय बर्न्स यांनी २००४मध्ये मूळ रंगांची संगणकावर पुनर्रचना केली, तेव्हा हिरवळ किती उजळ असावी याची कल्पना आली. ठिपक्यांचा सिद्धान्त आजच्या चित्रावर तपासणारा माणूस बदललेले ठिपके तपासत असतो.

धागा आणि दगड

स्युराच्या आधी हा प्रश्न विणकरांना पडला होता. मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४पासून पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग हवा तसा उठत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तेव्हा रंग उत्तम निघाला. बिघाड होता तो शेजारच्या धाग्यांच्या रंगाचा. १८३९मध्ये त्याने समकालीन विरोधाचा नियम मांडला. मोठे रंगपट्टे शेजारी आले की एकमेकांना दूर ढकलतात, पण बारीक धागे शेजारी आले की एकमेकांत मिसळतात, हे दोन्ही त्याने पाहिलं होतं.

आपल्याकडे पैठणीचा धूपछाव पोत याच तत्त्वावर उभा आहे. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. रेशमी धागे इतके बारीक की अंगावरची साडी पाहताना ते सुटे दिसत नाहीत. मात्र इथली सरासरी स्थिर नसते. पदर वळला की उजेड कधी ताण्यावर, कधी बाण्यावर जास्त चमकतो आणि रंगाचं पारडं बदलतं. पैठणच्या आणि येवल्याच्या मागांवर पिढ्यान् पिढ्या हे ज्ञान हातात आहे. रंगविज्ञानाच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी.

राजा रविवर्मा यांनी १८९४मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे मळवलीला गेलेला छापखाना हे दुसरं उदाहरण. तिथली देवदेवतांची चित्रं शिळाछपाईची होती. प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड, आणि त्यावर कारागिरांनी हाताने घातलेले ठिपके. जुनं मूळ चित्र भिंगाखाली धरलं, तर लक्ष्मीच्या गालावरची कांती अनियमित ठिपक्यांच्या दाट-विरळ पसाऱ्यातून उमटलेली दिसते. आखीव जाळी दिसली, तर ती नंतरची यांत्रिक नक्कल समजावी.

छापखान्याचं गणित

हाफटोन छपाईने हाताचे ठिपके जाळीच्या स्वाधीन केले. या तंत्राच्या शास्त्रीय पायाभरणीत कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर राय यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापले जात.

चार रंगांच्या छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा यांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत फिरवतात. काळी ४५ अंशांवर, सायन १५, मॅजेंटा ७५ आणि पिवळी ०वर. तीन ठळक रंगांमध्ये ३० अंशांचं अंतर ठेवलं की लहान गुलाबपाकळ्यांसारखी नक्षी पडते आणि मोठ्या लाटा टळतात. पिवळ्याला सर्वांत गैरसोयीची जागा मिळते, कारण त्याची नक्षी डोळ्याला दिसत नाही. निळ्या शंकुपेशींचा तुटवडा छापखान्याच्या कामात असा उपयोगी पडतो.

मासिकाच्या गुळगुळीत कागदावर इंचाला १५० ओळींची जाळी वापरतात. ३० सेंटिमीटरवरून हा बारकावा अंशाला सुमारे ३१ आवर्तनं एवढा होतो, म्हणजे निकोप नजरेच्या सीमेवर. वर्तमानपत्राची ८५ ओळींची जाळी अंशाला साडेसतराच्या आसपास येते. उजेड-अंधाराची वाट तिला पकडू शकते, रंगाची वाट पकडू शकत नाही. म्हणून वर्तमानपत्रातलं छायाचित्र निरखून पाहिलं तर दाणेदार वाटतं, पण रंग अखंड वाटतो.

छपाईत मिश्रण डोळ्यापर्यंत पोचण्याआधीच सुरू झालेलं असतं. ठिपके काही ठिकाणी एकावर एक पडतात, काही ठिकाणी शेजारी. हान्स नॉयगेबाउअरने १९३७मध्ये हे समीकरणात बसवलं. तीन शाया असतील तर कागदावर आठ प्रकारच्या जागा तयार होतात: कोरी, एकेका शाईची, दोन-दोन शायांची आणि तिन्ही शायांची. एकावर एक पडलेल्या जागेत वजाबाकी, आणि आठ जागांची मिळून सरासरी. तरीही छापील रंग हिशेबापेक्षा गडद निघे. १९५१मध्ये यूल आणि नील्सन यांनी याचं कारण मांडलं. कोऱ्या जागेतून कागदात शिरलेला प्रकाश आत विखुरतो आणि शेजारच्या ठिपक्याखालून बाहेर पडताना रंगतो. म्हणजे काही मिश्रण कागदाच्या पोटातच होऊन जातं.

काच आणि पडदा

ल्युमिएर बंधूंनी १९०७मध्ये बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण पसरलेले असत: नारिंगी-लाल, हिरवे आणि जांभळट निळे. कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, म्हणजे नजरेच्या मर्यादेपेक्षा कितीतरी लहान. तरी ऑटोक्रोममध्ये मऊ कणीदारपणा दिसतो. कण यादृच्छिक पडले की एकाच रंगाचे काही कण शेजारी जमतात आणि तो पुंजका नजरेच्या टप्प्यात येतो. ठिपक्याचा आकार लहान असून भागत नाही, मांडणीही सांभाळावी लागते.

आजचे पडदे आखीव मांडणी वापरतात. २०१०मध्ये ॲपलने इंचाला ३२६ पिक्सेलचा फोन आणला. ३० सेंटिमीटरवर त्याचा एक पिक्सेल ०.०७८ मिलिमीटर, म्हणजे एका कलेच्या आत बसतो. रस्त्यावरच्या एलईडी फलकात दोन दिव्यांमध्ये दहा मिलिमीटर अंतर असेल, तर चौतीस मीटरपलीकडून तो सलग दिसतो. ठिपक्याला स्वतःचं असं लहान-मोठेपण नसतं; ते पाहणाऱ्याच्या अंतरावर ठरतं.

रंगाच्या अरुंद वाटेचा सर्वांत मोठा फायदा घेतला तो प्रसारणाने. भारतात १९८२पासून दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपण पाल पद्धतीने सुरू केलं. त्यात उजळपणाला सुमारे ५ मेगाहर्ट्झ जागा होती आणि रंगाला तिच्या पाव भागाच्या आसपास. आजचं बहुतेक चलच्चित्र आणि अनेक छायाचित्रं साठवतानाही रंगाची माहिती उजळपणाच्या एक चतुर्थांश बारकाव्यानेच ठेवतात. आपल्या लक्षात येत नाही, कारण बाकीचं आपल्याला दिसणारच नव्हतं.

संगणकावर मात्र या सरासरीत एक चूक सर्रास होते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची बारीक जाळी दुरून ज्या राखाडी छटेशी जुळते, तिचा आकडा २५५पैकी १२८ नसून सुमारे १८८ असतो, कारण पडद्याचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. डोळा प्रकाशाची सरासरी काढतो, अनेक सॉफ्टवेअर आकड्यांची काढतात. म्हणून ठिपक्यांचं चित्र आकाराने लहान केलं की ते मूळच्यापेक्षा काळवंडतं.

मिसळल्याविना पसरणारा रंग

विल्हेल्म फॉन बेझोल्ड याने १८७४मध्ये गालिचांच्या नक्षीच्या संदर्भात नोंदवलेला परिणाम अजून पुरता उलगडलेला नाही. नक्षीतल्या बारीक रेघांचा एकच रंग बदलला तर बाकीचे सगळे रंग त्या दिशेने सरकल्यासारखे दिसतात, आणि रेघा मात्र स्पष्ट वेगळ्या दिसत असतात. भिंगाची धूसरता याचं पूर्ण कारण देत नाही. आकाराच्या शिडीवर पाहिलं तर क्रम असा लागतो: ठिपके फार लहान असतील तर एकजीव होतात, मध्यम असतील तर शेजाऱ्याला आपल्याकडे ओढतात, मोठे असतील तर शेजाऱ्याला विरोधाकडे ढकलतात. ओढणं कुठे संपतं आणि ढकलणं कुठे सुरू होतं, याचं सर्वमान्य सूत्र आजही हाती नाही.

त्याहून मूलभूत प्रश्न दृष्टिपटलाचाच आहे. १९९९मध्ये रोर्डा आणि विल्यम्स यांनी जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या शंकुपेशींचा प्रकारवार नकाशा काढला. पेशींची मांडणी अनियमित निघाली. नंतरच्या मोजण्यांत लांब आणि मध्यम तरंगलांबीच्या पेशींचं प्रमाण कुणात जवळजवळ समसमान, तर कुणात सोळास एक असं आढळलं. तरीही या सगळ्यांचं रंगज्ञान सर्वसामान्यच होतं. एकट्या पेशीला रंग कळत नाही. तिला फक्त किती प्रकाश पडला एवढंच कळतं. म्हणजे ठिपक्यांचं चित्र पाहणारा डोळा स्वतःच ठिपक्यांचा आहे, आणि तोही ऑटोक्रोमच्या काचेसारखा अस्ताव्यस्त. त्यातून अखंड रंग उभा राहतो तो मज्जासंस्थेच्या हिशेबातून.

काय शिकवायचं

या सगळ्याचा निष्कर्ष चार वाक्यांत मांडता येतो. मिश्रणाची सुरुवात पदार्थात होऊ शकते, पुढे ते भिंगात, पेशींच्या जाळीत आणि अखेर मज्जातंतूंच्या वाटांवर होतं. त्यातून मिळते ती सरासरी, वाढ नव्हे. रंग लवकर विरतो, उजळपणातला फरक उशिरा. आणि अंतर हा घटक शाई किंवा रंगाइतकाच महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांसाठी विद्यार्थी लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग शिकतो. विज्ञानाच्या तासाला त्याला लाल, हिरवा आणि निळा सांगितले जातात. घरी प्रिंटरमध्ये सायन, मॅजेंटा आणि पिवळ्या शाईची टाकी भरतो. तिन्ही खरे आहेत, पण ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. कालवण्याचा, झोतांचा आणि ठिपक्यांचा असे मिश्रणाचे तीन नियम एकाच तासाला, एका भिंगाच्या आणि एका वर्तमानपत्राच्या मदतीने शिकवता येतात. चित्रकलेच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून हा तास घ्यावा. त्यासाठी नवं साहित्य लागत नाही; दोन विषयांमधली भिंत तेवढी उतरवावी लागेल.